त्याचा पार्ट तो माझा

चोवीस वर्षांचा असताना वणीच्या जत्रेत मी म्हातारा झालो, आणि गावानं मला पुन्हा कधी तरुण होऊ दिलं नाही. आजही जुना कुणी बाजारात भेटला की हाक मारतो, "काय म्हातारबा, बरं आहे ना?" आता खरंच म्हातारा झालोय, म्हणून ऐकून घेतो. तेव्हा मात्र अंगाची लाही लाही व्हायची. एकदोघांच्या तर मी गचांड्या धरल्या होत्या.

मी जिनात कामाला होतो. कापसाचा हंगाम लागला की सरकी वेगळी करणारे रेचे सुरू व्हायचे. त्यांना तेल घालायचं, तुटलेले पट्टे बदलायचे, नाकातोंडात रुई जाऊ द्यायची, हे माझं काम. मला ते काम आवडत नव्हतं आणि मी ते कुणापासून लपवतही नव्हतो. मला एकच पाहिजे होतं. कुठल्या तरी नाटक कंपनीत जायचं, तोंडाला रंग लावायचा आणि तेच करून पोट भरायचं. आई म्हणायची, "रंग लावून कोनाचं पोट भरलं हाय बाप्पा?" मी म्हणायचो, माहं भरन, पायजो तू.

आमची एक मंडळी होती. जिनातले तीनचार जण, एक पानठेलेवाला, शाळेतला एक शिपाई आणि टेलरमास्तर. दिवाळीनंतर गावोगावी दंडार, म्हणजे नाचगाण्याचं सोंग, करायची आणि फाल्गुनात जत्रेत मोठं नाटक लावायचं, असं आमचं वर्ष. दंडारीत बाईमाणूस नसतं, पुरुषच लुगडी नेसतात. आमची नायिका म्हणजे टेलरमास्तर. मुसलमान माणूस, चाळिशी गाठलेला, बाजारात शिवणकामाचं दुकान. दिवाळी आली की तो मिशी उतरवायचा आणि जत्रा उठली की परत राखायचा. मास्तरची मिशी गेली म्हणजे आता दंडार उभी राहणार, हे गावाला वेगळं सांगावं लागत नसे. त्याच्या बायकोनं कधी कुरकुर केली नाही. उलट तिच्याच बांगड्या घालून तो स्टेजवर यायचा आणि एखादी फुटली की घरी जाऊन बोलणी खायचा.

पार्ट वाटायची वेळ आली की आमच्यात मारामाऱ्या ठरलेल्या. एका वर्षी राजा आणि प्रधान तालमीतच एकमेकांच्या उरावर बसले, प्रधानाचा दात पडला, आणि जत्रेत बोळका प्रधान पाहून लोक हसून हसून लोळले. तेव्हापासून मास्तरनं कायदा केला. जत्रेच्या तालमी सुरू करताना आम्ही पेटीची पूजा करायचो, म्हणजे हार्मोनियमची. नारळ फोडायचो, गुलाल टाकायचो. त्याच दिवशी ज्यानं त्यानं पेटीवर हात ठेवून आपला पार्ट बोलायचा. एकदा हात ठेवला की संपलं. मग घराला आग लागो, पार्ट बदलायचा नाही.

आता माझ्या दोस्ताबद्दल सांगतो. सांगताना अजूनही तोंड कडू होतं, पण त्याच्याशिवाय हे पुढे जात नाही.

तो खाणीवरचा. वणीजवळच्या कोळशाच्या खाणीत त्याचा बाप हजेरी घ्यायचा. कामगारांच्या लाइनीत तो वाढला, आणि त्या लाइनीत निम्मी घरं दक्षिणेकडची. आमच्या लेखी ते सगळे मद्रासी. त्यांच्या पोरांत गोट्या खेळता खेळता हा तमिळ बोलायला शिकला होता, आणि बोलायचाही फर्डं. शाळेला वणीत यायचा तेव्हापासून आमची जोडी. माझ्या आईच्या हातच्या भाकरी त्यानं माझ्यापेक्षा जास्त खाल्ल्या असतील. दिसायला तो माझ्यापेक्षा कितीतरी उजवा होता. नाक सरळ, केस दाट. पण स्टेजवर त्याचे पाय लाकडासारखे व्हायचे, त्यामुळे त्याला कायम नायकाचा भाऊ नाहीतर नायकाचा मित्र करायला लागे. ते त्याला लागतं हे मला माहीत होतं. किती लागतं, ते नव्हतं.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला खाणीच्या क्लबात मद्रासहून सिनेमे यायला लागले. रिळांचा पेटारा गाडीतून उतरायचा, दोन खांबांना पांढरं कापड ताणायचे आणि अख्खी लाइन जमिनीवर बसायची. दोस्त मला घेऊन गेला. मला भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, तो कानाशी लागून सांगायचा.

पहिल्या सिनेमात माझी नजर ज्याच्यावर बसली तो नट म्हणजे काहीच नव्हता. राजाच्या मागे भाला धरून उभा असलेला शिपाई. पण लढाईत तो मेला, आणि मरताना त्यानं मान अशी वळवून राजाकडे पाहिलं की मी दोस्ताला विचारलं, "हा कोन बे?" त्यालाही माहीत नव्हतं. बाजूच्या एका फिटरनं नाव सांगितलं. पुढच्या खेपेला तोच नट सेनापती झाला होता. त्याच्या पुढच्या खेपेला राजपुत्र. तलवार घेऊन जिन्यावरून उड्या काय, दोरीला लोंबकळून या सज्जातून त्या सज्जात काय! लाइनीतले लोक त्याच्या नावानं ओरडायचे, बायका पदर ओवाळायच्या. मला वाटायचं, याला पहिल्यांदा ओळखला तो मी. वणीत बसून, भाषा येत नसताना.

त्याचं चालणं मी उचललं. उजवा खांदा थोडा पुढे, आणि बोलण्याआधी एक भुवई वर. जिनाच्या आवारात सरकीच्या ढिगावरून मी त्याच्यासारख्या उड्या मारायचो. मुकादम म्हणायचा, पाय मोडून घेशील लेका. मोडला नाही.

मग आमच्या डोक्यात आलं की हेच जत्रेत का लावू नये? दोस्तानं गोष्ट सांगायची, मास्तरनं आणि मी ती वऱ्हाडीत बसवायची. जत्रेला येणाऱ्या शेतकऱ्यांनी, तांड्यावरच्या लोकांनी मद्रासचा सिनेमा कुठे पाहिला असणार? पहिल्याच वर्षी आमच्या तंबूत पाय ठेवायला जागा राहिली नाही. मी तलवार घेऊन बाजेवरून उडी मारली तेव्हा बैलबाजारातले लोक उभे राहिले. पुढच्या वर्षी पेटीपूजेला पार्टावरून कटकट सुरू झाली, तेव्हा मास्तरनं टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

"सुनो. त्या मद्रासवाल्याचा जो पार्ट असन तो याचा. सिनेमा कोनताही असो. त्याचा पार्ट तो याचा, आगे बात नहीं."

सगळ्यांनी पेटीवर हात ठेवला. दोस्तानं सगळ्यात आधी ठेवला.

पुढे तो नट बदलत गेला. तलवारी सुटल्या. तो गिरणीतला कामगार झाला, गाणारा आंधळा झाला, भावासाठी तुरुंगात जाणारा वकील झाला. मी त्याच्यामागून तेच होत गेलो. आंधळ्याच्या वेळी मला खरंच भीती वाटली होती की उड्या नसताना लोक कंटाळतील. पण लोकांनी रुमाल काढले. दरवर्षी मला वाटायचं, हा माणूस मद्रासमध्ये बसून मला शिकवून राह्यला आहे. एका सिनेमात तर शेवटी शेवटी त्यानं कानशिलाजवळचे केस पांढरे करून घेतले होते. मीही केले, पिठानं.

त्यानंतरच्या हंगामात कापूस भरमसाट आला. जिन दिवसरात्र सुरू, मला सुट्टी म्हणून मिळेना. खाणीवर त्याचा नवा सिनेमा आला, आणि दोस्त एकटाच जाऊन पाहून आला. दुसऱ्या दिवशी तो जिनाच्या फाटकाशी आला, माझ्या जेवणाच्या वेळी. आम्ही चिंचेखाली बसलो. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी त्यानं घेतली आणि गोष्ट सांगितली.

गोष्ट चांगली होती. एक गर्विष्ठ बाप, म्हातारा सावकार. त्याचा तरुण मुलगा गरिबाच्या मुलीशी लग्न करतो, बाप त्याला हाकलून देतो. मुलगा कष्ट करतो, नाव काढतो. शेवटी बापाचं सगळं जातं, मुलगा परत येतो, बाप त्याच्या थोबाडीत मारतो आणि मग छातीशी धरून रडतो.

"झ्याक आहे," मी म्हणालो. "पोरगा म्हंजे मी."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "नाई ना गड्या. तो यंदा म्हातारा झाला."

"कोन?"

"आपला हिरो. बाप झाला तो. पांढरी दाढी, हातात काठी. लोक म्हनून राह्यले का आता त्याचं वय झालं, अशेच पार्ट करन."

"आन् पोराचं काम?"

"आहे एक नवा पोट्टा," तो म्हणाला. "काही खास नाई."

हे बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, भाकरीकडे पाहत होता. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. मला त्या मद्रासच्या माणसाचा इतका राग आला होता की दुसरं काही सुचत नव्हतं. अरे, तुझं वय झालं तर माझं काहून झालं? मी तुझ्यामागे उड्या मारल्या, आंधळा झालो, तुरुंगात गेलो, आणि तू मला चोविसाव्या वर्षी दाढी लावतोस? चार दिवस मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. जिनातल्या कुणी त्याचं नाव काढलं तर त्यालाही घातल्या.

पेटीपूजेला मी म्हटलं, मला पोराचा पार्ट द्या. मास्तरनं पेटीकडे बोट केलं. मग म्हणाला, "मियाँ, कायदा तुह्यासाठीच केला होता." खरं होतं ते. इतकी वर्षं त्या कायद्याचं मीच खाल्लं होतं, आता तोंड वर करून काय सांगणार? मी पेटीवर हात ठेवला आणि म्हणालो, बाप. त्यानंतर दोस्तानं ठेवला आणि हळूच म्हणाला, पोरगा. दुसऱ्या कुणी मागितलाही नाही.

त्याच वर्षी जत्रेत अमरावतीकडची एक नाटक कंपनी आली होती. त्यांचा तरुण नायक त्यांना सोडून गेला होता आणि मालक नवा माणूस शोधत फिरत होता. हे साऱ्या जत्रेला ठाऊक होतं. मला तर त्या दिवसांत अन्न गोड लागेना. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस दारात आलेला, आणि माझ्या तोंडावर दाढी!

मालक आमच्या नाटकाला आला, पुढेच खुर्ची टाकून बसला. मी ठरवलं होतं की काम बिघडवायचं. मुद्दामच. पण काठी टेकत बाहेर आलो आणि लोक शांत झाले, मग मला ते जमलं नाही. मी मनापासून म्हातारा झालो. शेवटच्या प्रवेशात मी दोस्ताच्या थोबाडीत मारली, ठरल्यापेक्षा जरा जोरातच, आणि त्याला जवळ घेतलं. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. नुसतं तोंड वेडंवाकडं नव्हतं केलं त्यानं, माझा सदरा ओला झाला. त्याचे ते लाकडासारखे पाय थरथरत होते. मला वाटलं, आला लेकाला एकदाचा अभिनय. खरंच आनंद झाला मला त्याच्यासाठी. काय येडा होतो मी!

तंबूत बाया हुंदके देत होत्या. पडदा पडल्यावर मालक आत आला. दोस्ताच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "उद्या येऊन भेट." मग माझ्याकडे वळला. मी अजून दाढीत होतो. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "काका, तुमचं बी काम मस्त झालं. या वयात एवढी मेहनत कोन घेते?"

मास्तर खो खो हसला. मी दाढी काढून दाखवली तर मालकही हसला, पण त्याला जे पाहिजे होतं ते मिळून गेलं होतं. जत्रा उठली तेव्हा दोस्त कंपनीच्या ट्रकवर बसून गेला. जाताना माझ्या आईच्या पाया पडला. ट्रक एसटी स्टँडवर उभा होता, तिथपर्यंत मी त्याला पोचवायला गेलो, माझा नवा टॉवेल त्याला दिला.

आणि गावानं मला म्हातारबा म्हणायला सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात एक सोयरीक आली, तर मुलीच्या मामानं बाहेर चौकशी केली आणि कुणीतरी सांगितलं, तो का, तो म्हातारा! मामा परत फिरला. आई तीन दिवस त्या सांगणाऱ्याला शोधत होती.

चैत्रात खाणीवरच्या मद्राश्यांचं नवं वर्ष लागतं. त्या सणाला लोकांनी मागणी करून तोच बापाचा सिनेमा पुन्हा मागवला. मला त्या नटाचं तोंड पाहायचं नव्हतं, पण मास्तर मागे लागला. त्याला सिनेमातल्या बाईच्या पोलक्याची बाही पाहायची होती. पुढच्या वर्षी तशी शिवून घालीन म्हणत होता. "चल बे," म्हणाला, "मले एकट्याले त्याईची भाषा नाई कळत." मला तरी कुठे कळत होती? तरी गेलो.

सिनेमा सुरू झाला. म्हातारा सावकार आला, पांढरी दाढी, काठी. तोच तो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी मनात म्हटलं, बरोबर, माझी काठी जरा जास्तच वाकडी होती. थोड्या वेळानं पडद्यावर एक पोरगा सायकलवरून आला. काळेभोर केस, अंगात पांढरा सदरा. लोक आता नुसत्या शिट्ट्यांवर थांबले नाहीत, उठून उभेच राहिले, कुणी टोप्या उडवल्या. पोरानं सायकल टेकवली, उजवा खांदा पुढे टाकला आणि बोलण्याआधी एक भुवई वर केली.

मी मास्तरकडे पाहिलं. मास्तर पोलक्याची बाही विसरून तोंड उघडं टाकून बसला होता.

"अबे," तो म्हणाला. "हा बी तोच आहे."

मी म्हणालो, भाऊ असेल. मास्तर म्हणाला, कशाचा भाऊ? आमच्या बाजूला तोच जुना फिटर बसला होता, ज्यानं पहिल्या वेळी नाव सांगितलं होतं. त्याला विचारलं. तो आमच्या अडाणीपणावर हसला आणि तुटक्या हिंदीत म्हणाला, "बाप भी वही, बेटा भी वही. डबल रोल! उसका पहला डबल रोल है, तुमको मालूम नहीं?" आणि मग तो अभिमानानं सांगत सुटला की म्हातारा फक्त थोडाच वेळ आहे, खरा पार्ट पोराचाच आहे, सगळी गाणी पोराची आहेत, आणि आता मद्रासमध्ये त्याच्याएवढा मोठा हिरो दुसरा कुणी राहिला नाही. वय वगैरे काही झालं नव्हतं. उलट तो एका सिनेमात दोन माणसं पुरवण्याइतका मोठा झाला होता.

मी तरी शेवटपर्यंत बसलो. मला थोबाडीत मारायचा प्रवेश पाहायचा होता, छातीशी धरायचा. तो आलाच नाही. सिनेमात बाप इकडून बोलतो, पोरगा तिकडून बोलतो, कधी एकाची पाठ दिसते, कधी दुसऱ्याची. शेवटी म्हातारा खाटेवरून हात वर करतो, आणि पोराला सगळं माफ केलं असं सांगून डोळे मिटतो. दोघं गळ्याला गळा लावून भेटत नाहीत. कसे भेटणार? माणूस एकच. तो गळाभेटीचा प्रवेश दोस्तानं स्वतःच्या पदरचा घातला होता, लोकांना रडवायला. आणि त्यासाठी त्यानं माझाच खांदा घेतला.

परत येताना मास्तर बोटांवर काहीतरी मोजत चालला होता. मग म्हणाला, "कायद्यानं दोन्ही पार्ट तुहेच होते." मी म्हणालो, माहीत आहे. तो म्हणाला, "पेटीवर हात ठेवून खोटं बोलला रे तो." मला पेटीचं काही वाटत नव्हतं. तो भाकरी खाता खाता खोटं बोलला होता, माझ्या डब्यातली, याचं मला वाटत होतं. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि रडलो. मास्तर उभा राहिला. पुढे घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती डब्यात शिरखुर्मा घेऊन आमच्याकडे आली आणि आईला काही न सांगता ठेवून गेली.

मंडळी त्यानंतर फार चालली नाही. मद्रासच्या गोष्टी सांगणारा गेला होता, आणि मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायच्याही नव्हत्या.

दोन जत्रा गेल्या. तिसऱ्या जत्रेला ती कंपनी पुन्हा वणीत आली. आमचंच ते बापलेकाचं नाटक ती गावोगावी लावत होती, आणि पोस्टरवर दोस्ताचं तोंड हातभर मोठं. मी गेलो नाही. जत्रा उठायच्या दिवशी दुपारी तो घरी आला. टेरिलीनचा सदरा, पायात बूट, केसांना तेल. आईच्या पाया पडला. आईनं त्याला बस म्हटलं नाही. ती आत चुलीपाशी गेली आणि भांडी आपटू लागली.

तो खाटेवर बसला आणि हातातली पिशवी बाजूला ठेवली. म्हणाला, आमचा म्हातारा नट वारला. मालकाला तुझी आठवण आहे. बापाचा पार्ट कायमचा तुझा, पगारी. ट्रक चार वाजता स्टँडवरून सुटतो. पिशवीत दाढी आणि सदरा आणला आहे, माप तुझंच आहे, मी सांगून शिवून घेतला.

मी म्हणालो, "मी थो सिनेमा पायला."

कोणता, असं त्यानं विचारलं नाही.

"मांगतला असता त मी देल्ला असता तुले पार्ट," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "एक बार म्हन्ला असता का मले पायजे. देल्ला असता का नाई?"

"देल्ला असता," तो म्हणाला. "मले मालूम होतं."

"मंग मांगतला काहून नाई?"

"जलमभर तुह्या उपकाराखाली राह्यलो असतो."

"मी कोनाले सांगतलं असतं काय?"

"नाई. तू कोनाले नसतं सांगतलं. थेच मले जास्ती लागलं असतं."

"आन् चोरून घेतला थे नाई लागलं?"

"लागलं," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं, चिंचेखाली पाहिलं नव्हतं तसं. "मी त्या दिवशी रडलो थे काही नाटक नोतं. पन पार्ट माहा झाला."

इतक्या सरळपणानं सांगेल असं वाटलं नव्हतं. मी भांडायची तयारी करून बसलो होतो, तो खोटं बोलेल, शपथा घेईल, मग मी त्याला धरीन. आता धरू काय? तो उठला, म्हणाला, चारला वाट पाहतो, आणि पिशवी खाटेवरच ठेवून गेला.

मला जायचं होतं. हे मी आज कुणाला लाजून लपवत नाही. मी पिशवी उघडली, दाढी हातात घेऊन पाहिली. चांगली होती, आमच्यासारखी कापसाची नव्हती. रंग, दिवे, रोज नवं गाव, आणि पगार. लहानपणापासून जे मागत होतो ते सगळं त्या ट्रकमध्ये होतं. आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "जायचं असन त जाय. मी काही म्हनत नाई." तिच्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं.

मी सदरा अंगात घातलासुद्धा. बरोबर बसला. मग मला शेवटचा प्रवेश आठवला, आणि त्यातलं बापाचं वाक्य, जे मीच मास्तरसोबत बसून वऱ्हाडीत आणलं होतं. ते वाक्य म्हटल्याशिवाय नाटक संपत नाही. म्हणजे यवतमाळला, वर्ध्याला, अकोल्याला, जिथे तंबू पडेल तिथे, रोज, लोकांसमोर, त्याला छातीशी धरून मला म्हणावं लागणार होतं, की जा पोरा, तुले माफ केलं.

मी सदरा काढला, घडी करून पिशवीत घातला आणि आईला म्हणालो, स्टँडवर नेऊन दे. ती लगेच निघाली.